बोजाऱ्यात वाटलेले ठोकळे

मूल दत्तक घ्यायचा अर्ज केला की घर बघायला एक समाजसेविका येते. आमच्याकडे ती आली तेव्हा सासूबाई आष्टीला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. त्या घरी नसतील असाच दिवस आम्ही मागून घेतला होता. समाजसेविकेनं स्वयंपाकघर पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, मागच्या अंगणातली विहीर नीट झाकलेली आहे का ते वाकून पाहिलं. मग आतल्या खोलीत येऊन कपाटाकडे बोट दाखवत म्हणाली, "यात काय आहे?"

मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात साड्या होत्या. खालचे सगळे कप्पे आइस्क्रीमचे रिकामे डबे, बरण्या आणि एक जुना मसाल्याचा डबा यांनी भरलेले होते. तिनं मसाल्याचा डबा उघडला. वाट्यांमध्ये मोहरी-जिऱ्याच्या जागी प्लास्टिकचे ठोकळे होते, लहान मुलं एकमेकांत बसवून घरं-गाड्या बनवतात तसे. पण साधे चौकोनी त्यात एकही नव्हते. बिजागरीचे होते, कमानीचे होते, पारदर्शक होते, खेकड्यासारखा चिमटा असलेले होते आणि ज्यांचा उपयोग मलाही अजून सापडलेला नाही असेही काही होते.

"आधीच खेळणी घेऊन ठेवलीत?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "ही माझी आहेत."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे कित्येक दिवस ते काय लिहिलं असेल याचीच मला काळजी. माझा नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक आहे. तो कशाचीही काळजी हसण्यावारी नेतो. म्हणाला, "लिवलं असन, एक लेकरू या घरात अगुदरच हाय म्हनून."

आमच्या घरात लेकरू नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, वर्धा झालं होतं, नागपूर झालं होतं, आणि शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले होते. ते सगळं इथे सांगत नाही. सांगायचं आहे ते त्या कपाटाबद्दल, आणि ते ज्या दिवशी रिकामं झालं त्या दिवसाबद्दल.

मी समुद्रपूरकडच्या एका खेड्यात वाढले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईला सही येते, तीही मी सहावीत असताना मीच शिकवलेली. खेळणी म्हणजे तुराट्यांच्या गाड्या आणि काळ्या मातीचे बैल. मातीचा बैल वाळला की त्याला तडे जात, मग पाय गळून पडत, आणि आम्ही पुन्हा नवा करत असू. ते वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण एखादी वस्तू मोडायची, पुन्हा तशीच जोडायची, आणि तरी ती खराब होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं वर्ध्याच्या अध्यापक विद्यालयात. तिथे शैक्षणिक साहित्याचं एक कपाट होतं, कायम कुलूप लावलेलं. आमच्या गणिताच्या मॅडमनी एकदा मला किल्ली दिली आणि धूळ झटकायला सांगितलं. आत ठोकळ्यांचा एक डबा होता. त्यात एक तुकडा निघाला. बाकी सगळ्या ठोकळ्यांना अडकवायची बोंडं फक्त डोक्यावर, याला एक बोंड बाजूला होतं, कुशीतून कोंब फुटावा तसं. मी तो तुकडा सदोष समजून वेगळा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "फेकू नको. कुठे बसतो ते शोध."

त्या दुपारी मी जेवले नाही. बाकीचे ठोकळे एकावर एक, वरच्या वर चढतात. हा एक तुकडा मध्ये घातला की बांधकाम आडवं जायला लागतं. भिंतीला खिडकीवरचा छज्जा येतो, गाडीला दिवा येतो, माणसाला हात येतो. एवढ्याशा तुकड्यानं दिशाच बदलते. मॅडम आता नाहीत. त्यांनी मला शिकवलेली सूत्रं मी मुलांना शिकवते, पण त्यांचे उपकार आठवतात ते त्या एका वाक्यामुळे.

पुढे पुलगावच्या एका शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि मी शेजारच्या नाचणगावात राहायला आले. पुलगावच्या आठवडी बाजारात एक माणूस ताडपत्री अंथरून जुनी खेळणी विकतो. नागपूरहून पोत्यांनी आणतो. चाक नसलेल्या मोटारी, केस उपटलेल्या बाहुल्या, आणि त्यात मिसळलेले कुठल्या कुठल्या देशांतले ठोकळे. आपल्याकडे पोरं त्यांना गट्टू म्हणतात. मी त्या ढिगाशी बसायची ती भाजीची पिशवी बाजूला ठेवून. हळूहळू तो मला ओळखायला लागला.

"गट्टूवाल्या मॅडम, या!" तो लांबूनच ओरडायचा. "सरके सरके, सीधे चौकोनी, पब्लिक घेऊन गेली. येडेवाकडे तुमच्यासाठी काढून ठेवले."

"येडेवाकडे नका म्हणू हो त्यांना."

"मंग काय म्हनू? हे पाहा ना, हे काय हाय? ना इट ना दगड. लेकरं किती हायेत तुमाले?"

"शाळाभर," मी म्हणायची, आणि तो हसायचा.

असे विचित्र तुकडे जमवणाऱ्याची एक अडचण असते, ती लोकांना कळत नाही. एक मिळून भागत नाही. बाकदार, टोकाकडे निमुळता होत गेलेला एक तुकडा मला सापडला होता, हत्तीच्या सोंडेसारखा. तो हातात घेतला तेव्हाच माझ्या मनात आलं, हे बैलाचं शिंग. पण बैलाला शिंगं दोन लागतात. दुसरं शोधण्यात मी कितीतरी बाजार घालवले. मिळालं तेव्हा ते वेगळ्या रंगाचं निघालं, एक काळं, एक पिवळं. तेही चाललं; खऱ्या बैलांचीही शिंगं आपल्याकडे पोळ्याला रंगवतातच.

बैल करायचं मनात होतं ते तान्ह्या पोळ्यासाठी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा असतो. प्रत्येक मूल चाकांचा लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत आणतं, मैदानात तोरणाखाली रांग लागते, हर हर महादेव होतं, आणि मग मुलं आपापले बैल घेऊन दारोदार जातात. ज्याच्या दारी बैल आला त्यानं बैलाची पूजा करायची आणि मुलाच्या हातावर काहीतरी ठेवायचं. त्याला बोजारा म्हणतात. चॉकलेट, नाणं, वही, पेन, जे जमेल ते. ज्या घरात मूल असतं त्या घरात बैल असतो. आमच्या घरात माझ्या नवऱ्याच्या लहानपणचा बैलही राहिला नव्हता. तो कधीच कुणाला तरी देऊन टाकलेला.

तान्ह्या पोळ्याआधीच्या आठवड्यात गल्लीतली मुलं माझ्याकडे यायची. जुन्या बैलांची चाकं निखळलेली असत. मी ठोकळ्यांच्या डब्यांतली चाकं, आस, अडकवायचे तुकडे वापरून ती नीट करून द्यायची. मुलं गेली की थोड्या वेळानं त्यांच्या आया काहीतरी पाठवायच्या. वाटीभर साखर, दोन पापड, परसातली कारली. मला वाटायचं, किती रीतीची माणसं आहेत. मी एकदा समोरच्या वहिनींना म्हटलंही, "अहो, चाकाचं काय एवढं?" त्या म्हणाल्या, "असू द्या मॅडम, फुकट घेऊ नये."

अर्ज मंजूर होऊन आमचं नाव यादीत लागलं आणि मी बैल करायला घेतला. मूल कधी येईल, किती वर्षांचं येईल, मुलगा की मुलगी, काहीच माहीत नव्हतं. पण आलं की त्याला तान्ह्या पोळ्यात न्यायला बैल पाहिजे. शाळेतून आल्यावर दिवेलागणीपर्यंत मी त्यातच असायची. पोट आडवं वाढवलं ते बाजूला बोंड असलेल्या तुकड्यांनी. मानेखाली फिरती चकती बसवली, म्हणजे बैल चालताना मान हलवेल. पायांना आगगाडीची चाकं. शेपटीला साखळीचा तुकडा. अडलं ते वशिंडाशी. पाठीवर उंचवटा तर पाहिजे, पण चौकोनी वशिंडाचा बैल म्हणजे उंट दिसायचा. शेवटी एका खेळण्यातल्या अंतराळवीराचं शिरस्त्राण सापडलं, ते पालथं घातलं आणि बैल बैल दिसायला लागला. नवऱ्याला दाखवला. त्यानं दोन्ही हातांत धरून वरून-खालून पाहिला, चाकं फिरवून पाहिली, आणि मेकॅनिक असूनही काही चूक काढली नाही. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो चहा ठेवायला आत गेला.

सासूबाईंना अजून काहीच सांगितलं नव्हतं. नवरा म्हणायचा, "लेकरू पक्कं झालं का मंग सांगू. आतापासून सांगून तिच्या जिवाले घोर कायले?" मलाही ते बरं वाटत होतं. सासूबाईंना मी घाबरत नव्हते, उलट होतं. लग्नानंतर मी बी.एड. केलं ते त्यांच्यामुळे. पहाटेचा स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला, पाहुणे आले तर "सून अभ्यास करून राह्यली" म्हणून मला खोलीतून उठूही दिलं नाही. इतकं करणाऱ्या बाईला नाही म्हणायची वेळ आली तर काय करायचं, याची भीती होती.

त्यांनी बैल पाहिला तो कपाटात. चादर काढायला म्हणून उघडलं असणार. माझ्याशी त्या काही बोलल्या नाहीत. पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्या लाटताना एकदम म्हणाल्या, "बाई, एक इचारू? ते खेळणं तू कोनासाठी करून राह्यली?"

मी म्हटलं, "असंच, आई. आवड."

"आवड," त्या म्हणाल्या. पोळी तव्यावर टाकली. "आमच्याकडं पाळना अगुदर आनत नाईत. टोपडं शिवत नाईत. लेकरू पोटात राह्यलं तरी नाई आनत. अन् आपल्या घरात कपाटभर खेळनं."

मी पुढचा उंडा त्यांच्यापुढे सारला. तेव्हा बोलले असते तर बरं झालं असतं, असं नवरा म्हणतो. मला तसं वाटत नाही. बोलले असते तरी त्यांची भीती तीच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मंडळानं तान्ह्या पोळ्याच्या बैलसजावट स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निकाल लवकर लागला, पण बक्षिसं द्यायला पाहुणे यायचे होते आणि त्यांची गाडी कुठेतरी अडकली होती. आम्ही परीक्षक मंडपात बसून राहिलो. मुलं कंटाळली आणि आपापले बैल घेऊन दारोदार निघून गेली.

मी परत निघाले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन पोरं बसलेली दिसली. त्यांच्या पुढ्यात माझी बिजागरी होती, आणि पारदर्शक निळा उतरता तुकडा, आणि कमान. मी थांबून विचारलं, "हे कुठून आणलं रे?"

"आजीनं देल्लं. बोजारा," एक जण म्हणाला. "तुमच्याच घरून तं."

पुढे ओट्यावर आणखी चार. कुणाच्या खिशातून चिमटे डोकावत होते, कुणाच्या बैलाच्या गळ्यात माझ्या साखळीचा हार. समोरच्या वहिनींची मुलगी, तिसरी-चौथीतली, माझा बैल दोरी बांधून ओढत होती. बैल मान हलवत होता. मला पाहून ती खुशीत ओरडली, "मॅडम, पाहा! आजीनं मलेच देल्ला! मोठा!"

"छान चालतो," मी म्हटलं आणि घरात गेले.

कपाट उघडं होतं. डबे धुऊन पालथे घातले होते. मसाल्याच्या डब्याच्या वाट्या पुसून उन्हात ठेवल्या होत्या. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. समोर ताटलीत हळद, कुंकू, अक्षता.

"देऊन टाकलं म्या," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहत नव्हत्या. "रागाव मले. पन आइक. जे लेकरायचं ते लेकरायले देल्लं. एकेकाच्या बैलाची पूजा केली, एकेका खेळन्याले हळदकुकू लावलं, महादेवाले म्हटलं, बाप्पा, माह्या घरातलं खेळनं तुह्या दारचं झालं, आता माह्या घरात लेकरू दे. इतक्या लेकरायचा आशीर्वाद वाया जाईन का? सांग ना."

त्यांच्या हातावर कुंकू सांडलेलं होतं. ज्या बाईनं माझ्यासाठी असं काही मागितलं तिच्यावर कशी रागावू? आणि ते सगळे तुकडे, वर्षानुवर्षांचे, एकेक शोधून आणलेले, त्यांच्यासाठी कुणाजवळ रडू? मी भांडी आत नेऊन ठेवली. नवरा ड्यूटीवरून आला, त्याला सांगितलं. त्यानं कपाटाचं दार लावलं. मग म्हणाला, "शिंग परत भेटन?"

"जोडी नाही भेटणार," मी म्हटलं.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर फाटकाच्या कडीला एक पिशवी अडकवलेली. आत माझे ठोकळे. कुंपणाच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पुडी, तिच्यातही ठोकळे. पायरीवर एक वाटी, तिच्यात चिमटे आणि चाकं. आणि फाटकाबाहेर, गटाराच्या या बाजूला, बैल उभा. दोरी काढून घेतलेली.

माझा आनंद मला अजून आठवतो. मी पदरात घेऊन घेऊन सगळं आत आणलं. किती प्रामाणिक माणसं आहेत, असं वाटलं. मुलांनी महागाची वस्तू समजून घरी दाखवली असेल, आयांनी सकाळी सकाळी आणून ठेवली असेल. मी ओट्यावर चादर पसरून तुकडे वेगळे करायला बसले. कमान होती. निळा उतरता तुकडा होता. बोंडांच्या मधल्या फटींत कुंकू जाऊन बसलं होतं, ते काडीनं काढायला लागलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. ती पिशवी, ती पुडी, ती वाटी त्यांनी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, त्यांना वाटत असेल आपलं दान परत आलं.

समोरच्या वहिनी अंगण झाडत होत्या. मी बसल्या जागेवरून हाक मारली, "वहिनी, बैल राहू द्यायचा होता हो पोरीकडे. तिला आवडला होता."

वहिनींचा खराटा थांबला. "नाई मॅडम. तोडन ते. तुमचं महागाचं."

"तोडला तर मी पुन्हा जोडून देईन. तो जोडायचाच असतो."

"राहू द्या ना मॅडम," त्या म्हणाल्या आणि भराभरा झाडायला लागल्या. एवढ्यात त्यांची मुलगी ब्रश तोंडात धरून बाहेर आली. तिचे डोळे रडून सुजले होते. ती म्हणाली, "मले पाह्यजे होता. पन आई म्हने, त्याले हळदकुकू लावलं होतं म्हने. लेकरू नसलेल्या घरचा उतारा हाय म्हने तो. म्हने आपल्याले लागते."

वहिनींनी तिचा दंड धरून तिला आत ढकललं. पण बोलणं बोलून झालं होतं. गल्लीत नळावर उभ्या असलेल्या बायकांनीही ऐकलं, आणि कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही, हे मी पाहिलं.

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. उतारा म्हणजे एखाद्याची पीडा वस्तूवर उतरवून ती दुसरीकडे टाकणं. कुणी लिंबू टाकतं, कुणी भात टाकतं. सासूबाईंनी महादेवासाठी लावलेलं कुंकू त्यांना तसं दिसलं होतं. आणि त्या वाटीभर साखरेचा, त्या पापडांचा अर्थही तिथे ओट्यावर बसल्या बसल्या मला कळला. फुकट घेऊ नये, म्हणजे आमच्या घरचं काही तसंच घरात येऊ नये. इतकी वर्षं त्या माझी चाकं विकत घेत होत्या.

मी काही बोलायच्या आत सासूबाई फाटकाशी पोचल्या होत्या.

"उतारा? काऊन वं, माह्या हातचा उतारा?" त्यांचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. "तुह्या या पोरीले पहिलं न्हाऊ म्या घातलं! माह्या मांडीवर पाय पसरून टाकली होती तिले. तेव्हा नाई लागलं तुमाले? तेव्हा माह्या घरात लेकरू होतं का?"

"काकू, राग नोका मानू. माहं नाई मन, पन घरचे..."

"घरचे काय? तू सांग. तोंडानं सांग."

"पन काकू, कुकू काऊन लावलं मंग?" वहिनी म्हणाल्या. आवाज खाली होता, पण शब्द धारदार होते. "अन् सारंच्या सारं घर रिकामं केलं एका दिवसात. कोनी बी काय समजन? आमाले बी लेकरं हायेत."

आदल्या दिवशीपर्यंत त्या स्वतः तेच मानत होत्या, की रिकाम्या घरात खेळणं अशुभ. त्यांची स्वतःची भीतीच समोरच्या अंगणात उभी राहून त्यांच्याशी बोलत होती. त्या परत वळल्या, ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या, आणि चादरीवरचे ठोकळे हातानं एका बाजूला सारायला लागल्या. उगाचच. सरके आणि वाकडे, सगळे एकत्र.

तिथेच मी त्यांना सांगितलं. मूल दत्तक घ्यायचा अर्ज केला आहे, संस्थेच्या बाई घर बघून गेल्या आहेत, नाव यादीत आहे. नवऱ्याची वाट पाहिली नाही.

त्या बराच वेळ ठोकळे सारत राहिल्या. मग विचारलं, "कोनाचं लेकरू?"

"ते सांगत नाहीत, आई."

"जात?"

"तेही नाही."

"म्हनजे कोनाचं बी," त्या म्हणाल्या. मग गल्लीकडे मान करून म्हणाल्या, "इथं आनशीन? या लोकायत? ज्यायनं प्लास्टिकचा बैल घरात ठेवला नाई, ते त्या लेकराले आपल्या लेकरायत खेळू देतीन? तू शाळेत जाशीन. तो डिपोत जाईन. दिवसभर दारात ते एकटं उभं राहीन, अन् म्या पाहू?"

मी चादरीची चार टोकं धरून ठोकळे आत नेले.

पुढचे महिने वाईट गेले. सासूबाई बोलायच्या, पण भाजीत मीठ किती इतकंच. नवऱ्याला त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं की अर्ज मागे घ्या. तो म्हणाला, "माय, आता नाई." मग माझ्याकडे येऊन तो म्हणाला, "आपन पुलगावात खोली घेऊ. तिथं कोनी ओळखत नाई." मी विचार केला, आणि नको म्हटलं. मूल येण्याआधीच त्याच्यासाठी पळून जायचं, हे मला पटेना. पण ते बरोबर होतं की माझा हट्ट होता, हे ठरवता येत नाही. गल्लीत मी हसून बोलायची, वहिनीही हसून बोलायच्या. शाळेला जाताना त्यांची मुलगी मला हात करायची, आईकडे बघून मग खाली घ्यायची. पुलगावच्या बाजारात मी गेले की तो माणूस हाक मारायचा, आणि मी ताडपत्रीपाशी उभी राहून परत यायची. बसावंसं वाटत नव्हतं.

दिवाळीनंतर फोटो आला. दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतली मुलगी, अडीच वर्षांची, कपाळावर मोठं काजळाचं बोट, कॅमेऱ्याकडे रागानं बघणारी. नवऱ्यानं मोबाईल सासूबाईंपुढे धरला. त्या म्हणाल्या, "चष्मा दे." चष्मा लावून त्यांनी इतका वेळ पाहिलं की स्क्रीन विझली, आणि नवऱ्यानं पुन्हा लावून दिली.

"कुठं हाय म्हनतं हे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्यानं सांगितलं.

"तिले आपलं बोलनं समजन का?"

"सुरुवातीला नाही समजणार," मी म्हटलं.

"मंग रात्री रडली तं काय म्हनाचं तिले?" त्या म्हणाल्या. मोबाईल परत दिला आणि उठून गेल्या. हे होकारासारखं होतं की नव्हतं, यावर आम्ही दोघं कितीतरी वेळ बोललो. सोबत चला म्हटलं तर "मले नाई जमत" म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

निघायच्या सकाळी ऑटो फाटकाशी उभा होता. स्टेशनवर लवकर पोचायचं होतं. पिशवीत छोटे कपडे होते, आदल्या दिवशी घेतलेले. सासूबाईंनी ते पाहिले, पण हात लावला नाही. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. गल्लीत नेहमीची गर्दी होती. नळावर बायका, समोर वहिनी अंगणात सडा टाकत होत्या.

ऑटोवाल्यानं इंजिन चालू केलं तेव्हा सासूबाई फाटकाबाहेर आल्या. पदर डोक्यावर घेतला. आणि कुणा एकीकडे न बघता, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नात आनाले चालले हे. माही नात."

आवाज शेवटी फाटला. नळाचं पाणी हंड्यात पडत राहिलं. वहिनींचा सड्याचा हात मध्येच थांबला होता. कुणी "हो का" म्हटलं नाही, कुणी "बरं झालं" म्हटलं नाही. ऑटो वळला तेव्हा मी मागे पाहिलं. सासूबाई अजून तिथेच उभ्या होत्या, एकेका दाराकडे बघत, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून.